क्षारपड रानाला आधी वाट, मग वेल

कृष्णाकाठच्या एका गावातले तात्या दोन वर्षांपूर्वी माघी गणपतीला गणपतीपुळ्याला जाऊन आले. देवदर्शन झालं, समुद्रात पाय बुडवून झाले, आणि परत येताना एस.टी.त त्यांच्या मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेली वेलाची कांडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "साहेब, ह्यो येल खाऱ्या पाण्याच्या कडंला नुसत्या वाळूत पसरलाय. वर जांभळी फुलं. त्याला मीठ बाधत न्हाई, तर मग आमच्या पांढऱ्या पडलेल्या रानात का यायचा न्हाई?"

प्रश्न वेडा नव्हता. तात्यांचं ओढ्याकडचं तीस गुंठे रान दर उन्हाळ्यात चुना शिंपडल्यासारखं पांढरं होतं. वडिलांच्या हयातीत तिथं ऊस माणसाला झाकत होता. आता डोळा फुटला तर फुटला, नाहीतर कांडी जागेवरच कुजते. जिप्सम टाकून झालं, मळी टाकून झाली, तळ्यातला गाळ टाकून झाला. वीटभट्टीवाला दोनदा येऊन माती मागून गेला. अशा माणसाला मिठावर हिरवा राहिलेला वेल दिसला की तो उपटून आणणारच. वाळवा, पलूस, मिरज या सांगलीच्या तालुक्यांत आणि साताऱ्याच्या कराड तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत असे तात्या बांधाबांधाला भेटतील. म्हणून त्या वेलाचं पुढं काय झालं ते सांगायला हवं.

हा मर्यादवेल. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी जिथवर येतं त्याच्या वरच्या वाळूत तो पसरतो. पान आपट्याच्या पानासारखं, मध्ये चिरलेलं, पण जाड. फूल गुलाबी-जांभळं, कर्ण्यासारखं. सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. रताळ्याच्या फुलाची ज्याला ओळख आहे त्याला नातं लगेच कळेल, कारण रताळं, नाळीची भाजी आणि आपल्या ओढ्यांत माजलेली बेशरम ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. मर्यादवेल पेरापेराला मुळं सोडतो, वाळू धरून ठेवतो, वाऱ्यानं उडू देत नाही. त्याचं बी समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूर जातं, त्यामुळं हाच वेल आफ्रिकेच्या, ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांवरही आहे. मीठ सोसण्यात त्याचा हात धरणारे वेल थोडे.

मग आपल्याकडं का नको? तात्यांना मी लावू नका म्हटलं नाही. माणूस एवढ्या लांबून घेऊन आलाय, त्याला कोरडा उपदेश काय करायचा. अर्धी कांडी पांढऱ्या रानात लावली, अर्धी ओढ्याच्या बाजूच्या मुरमाच्या भरावावर. उन्हाळ्यात दोन्हीकडं पाणी शिंपून जगली. पाऊस सुरू झाला आणि श्रावणात रानात घोटाभर पाणी उभं राहिलं. पंधरा दिवसांत रानातला वेल काळा पडून कुजला. मुरमावरचा राहिला आणि दिवाळीपर्यंत भराव झाकून गेला. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, दोन ओळींची लागण होती. पण जे व्हायचं तेच झालं.

किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ रोज येतं हे खरं, पण ते तिथं राहत नाही. वाळू पाणी धरत नाही आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्या दोन-चार सरींतच वाळू धुऊन निघते. मुळांना हवा सतत मिळते. आपल्याकडं उलट आहे. काळी भारी जमीन, पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, वरून पाटाचं आणि उपसा सिंचनाचं पाणी बारमाही, आणि खाली निचरा नाही. म्हणजे मीठ येतंय ते जातच नाही. मर्यादवेल मीठ सोसतो, साठलेलं पाणी सोसत नाही. आपल्या रानाचा मूळ आजार साठलेलं पाणी हा आहे. मीठ हे त्याचं वर आलेलं लक्षण.

थोडा हिशेब करून बघू. एक एकर उसाला एका पाळीला आठ सेंटिमीटर पाणी दिलं तर ते सव्वातीन लाख लिटरच्या आसपास होतं. त्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम विरघळलेले क्षार असतील तर एका पाळीत एकशेसाठ किलो क्षार रानात आले. म्हणजे पन्नास किलोची तीन पोती आणि वर दहा किलो. अशा पंचवीस पाळ्या झाल्या की चार टन. नदीच्या पाण्यात क्षार कमी असतात, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा यापेक्षा जास्त. ऊस पाणी पितो, मीठ मागं ठेवतो. युरियाचं एक पोतं जास्त पडलं तर आपण हळहळतो, आणि ही पोती दर पाळीला मोफत येतात ती दिसत नाहीत. पाण्याला खाली वाट असती तर ती पाण्याबरोबर ओढ्याला गेली असती.

वाट नसली की जमिनीखालचं पाणी वर वर येतं. ते चार-पाच फुटांवर आलं की काळी माती दिव्याच्या वातीसारखी ते वर ओढते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर उरतं. आधी रान चिबड होतं, मग मीठ फुटतं, आणि सोडियम वाढला की चोपण. चोपण झालेली माती ओली असताना चिकट, वाळली की दगड.

इथं तात्यांच्या वेलाचा एक धडा मात्र खरा आहे आणि तो आपण घ्यायला हवा. उघड्या रानात मीठ जास्त फुटतं. ऊन थेट मातीवर पडतं, वात जोरात चालते. तेच रान झाकलेलं असेल तर बाष्पीभवन कमी आणि मीठ वर येण्याचा वेगही कमी. आपले लोक नेमकं उलट करतात. रान पांढरं पडलं की ते 'पडीक' म्हणून सोडून देतात आणि ते आणखी पांढरं होतं. तेव्हा झाकण हवंच, पण ते आपल्या मातीत तगणारं हवं. त्यासाठी गणपतीपुळ्यापर्यंत जायला नको.

पहिलं झाकण आपण स्वतःच्या हातानं जाळतो. उसाचं पाचट. तोड झाली की संध्याकाळी काडी लागलीच. खोडव्यात सरीआड सरी पाचट ठेवलं तर माती झाकते, ओल टिकते, एखादी पाळी वाचते. एक पाळी वाचली म्हणजे वरच्या हिशेबातली तीन पोतीही वाचली. चिबड रानात मात्र पाचटाखाली पाणी तुंबत असेल तर आधी चर काढा, नाहीतर फुटव्यांना मार बसेल.

दुसरं धैंचा. पाऊस सुरू होताना एकरी वीस किलोच्या आसपास बी टाकावं आणि फुलावर यायच्या सुमाराला, पेरणीपासून दीड महिन्यानं, गाडावं. धैंचा चोपणही सोसतो आणि थोडं साठलेलं पाणीही सोसतो. त्याची मुळं घट्ट मातीत वाट करतात आणि गाडल्यावर माती भुसभुशीत होते. "एक हंगाम पिकाविना जातो" ही तक्रार मी शंभर वेळा ऐकली आहे. पांढऱ्या रानात लावलेला ऊस उगवलाच नाही तर तोही हंगाम जातोच, वर बेण्याचा आणि मजुरीचा खर्च.

तिसरं गवत. पॅरा गवत ओल्या, थोड्या खाऱ्या रानात छान येतं आणि जनावराच्या पोटात जातं. ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत त्यानं ओढ्याकडचे दहा गुंठे पॅराला दिले तर वैरणीचा प्रश्नही हलका होतो. आणि चौथी आपली हरळी. आयुष्यभर कुळवानं, खुरप्यानं जिच्या मागं लागलो तीच हरळी मीठ सोसण्यात उसाच्या कितीतरी पुढं आहे. चराच्या काठावर, बांधाच्या उतारावर ती राहू द्या. चराची माती ढासळत नाही. पिकातली हरळी काढा, चराच्या काठची ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. जुन्या लोकांना हे पटायला जड जातं. माझ्या वडिलांना अजून पटलेलं नाही.

बेशरम मात्र लावू नका. मर्यादवेलाची बहीण म्हणून नव्हे, कर्तबगारीमुळं. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली. कुंपणाला म्हणून लावली आणि ओढ्यात उतरली. शेळ्या-मेंढ्यांनी खाल्ली तर विषबाधा होते, आणि तिच्या जाळीत गाळ अडकून ओढ्याचं तोंड बंद होतं. ज्या ओढ्यानं आपल्या रानातलं पाणी न्यायचं त्याचाच गळा ही धरते. गावात श्रमदान करायचं असेल तर रस्त्याच्या कडेला झाडं लावण्याच्या फोटोआधी ओढ्यातली बेशरम मुळासकट काढा.

हे सगळं झाकण झालं, औषध नव्हे. औषध निचरा. त्याआधी निदान. आपल्याकडं माती परीक्षण म्हणजे वरची मूठभर माती पिशवीत भरून देणं. क्षारपड रानाला ते चालत नाही. वरचा पांढरा थर वेगळा घ्या, मग अर्धा फूट, एक फूट, दोन फूट, तीन फूट अशा खोलीचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत. रिपोर्टात दोन गोष्टी बघा, सामू आणि विद्युत वाहकता. सामू साडेआठच्या आत आणि वाहकता ४ डेसिसायमनच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. तिला जिप्समची गरज नसते, धुऊन काढणारं पाणी आणि त्या पाण्याला वाट लागते. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. तिथं जिप्सम कामाचं. एक खुबी लक्षात ठेवा. ही ४ ची मर्यादा संपृक्त मातीच्या अर्काची आहे. बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी करून मोजतात, तिथं आकडा लहान दिसतो. "दीडच आलंय, म्हणजे बरं हाय" असं समजून किती जण परत जातात! कोणत्या पद्धतीनं मोजलं ते विचारा. उसाची सहनशक्ती तशीही थोडी: संपृक्त अर्काची वाहकता १.७ च्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी उतरतं. पांढरं दिसायच्या कितीतरी आधी टनेज घसरायला लागलेलं असतं.

जिप्समबद्दल एक शब्द, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त पैसा वाया गेलेला मी पाहिला आहे. जिप्समचं काम मातीला चिकटलेला सोडियम सोडवणं एवढंच. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला हवा. वाट नसेल तर तो तिथंच घुटमळतो आणि पुन्हा चिकटतो. तात्यांनी दोन वर्षं हेच केलं होतं. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. सांगायचं काम आमचं होतं आणि ते आम्ही वेळेवर केलं नाही.

निचऱ्याचा साधा प्रकार म्हणजे उघडे चर. खर्च कमी, पण जागा जाते आणि दरवर्षी गाळ काढावा लागतो. दुसरा भूमिगत. सव्वा मीटरपर्यंत खोल, ठरावीक अंतरावर सच्छिद्र पाईप जाळीदार कापड गुंडाळून टाकतात, ते मोठ्या पाईपला जोडतात आणि मोठा पाईप ओढ्यात सोडतात. दोन पाईपांतलं अंतर माती बघून ठरतं, शेजाऱ्यानं किती ठेवलं ते बघून नव्हे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात, जिथून आपल्या भागात घरोघर पेरलं जाणारं केडीएस ७२६ सोयाबीन आलं, तिथं क्षारपड जमिनीच्या निचऱ्यावर काम झालं आहे. आराखड्याआधी तिथं जाऊन बोला. शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांचे गट करून भूमिगत निचऱ्याचं मोठं काम उभं केलं. तिथं जाऊन बघायला आपल्याला तासाभराचा रस्ता आहे. आपण सहलीला महाबळेश्वर गाठतो.

शिरोळचं बघून आलेले लोक एकच सांगतात, पाईप टाकणं सोपं, सह्या गोळा करणं अवघड. खरं आहे. पाणी सातबारा बघून वाहत नाही. वरच्या रानाचं पाणी खालच्या रानातून ओढ्याला जाणार, आणि खालचा म्हणणार, "तुमचं मीठ माझ्या रानात कशाला?" त्याला समजावायला हवं की ते मीठ आजही जमिनीखालून त्याच्याच रानात येतंय. बंद पाईपातून गेलं तर उलट त्याचं रान वाचेल. एकट्यानं केलेला निचरा म्हणजे एकट्यानं उपसलेली होडी. चाळीस-पन्नास एकरांचा सलग पट्टा घेतला तरच मोठी पाईप, तिचा उतार आणि ओढ्यातलं तोंड परवडतं.

इथं गावच्या कारभाऱ्यांचं काम सुरू होतं. तलाठी-ग्रामसेवकांची नावं कागदावर बदलली, पण गावाला अजून तेच ठाऊक आहेत, म्हणून तसंच लिहितो. गावनकाशा काढा आणि त्यावरचे जुने ओढे-ओघळ आज जागेवर आहेत का ते फिरून बघा. माझ्या कामाच्या भागात अशी फेरी मारली तेव्हा एका ओघळीवर जनावरांचा गोठा निघाला, दुसरीवर रस्त्याचा भराव, त्याखाली नळी टाकायची कुणाला आठवणच राहिली नव्हती. नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडं दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायला हवा, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि मुदत भांडणात निघून जाते. रस्त्याची कामं मंजूर करताना प्रत्येक ओघळीला मोरी आहे का, एवढा एक प्रश्न ग्रामसभेत विचारला तरी निम्मी चिबड टळेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या रानांत पाणी किती दिवस उभं राहिलं ते आठवा. नदी उतरली, पण ओघळी बुजल्या होत्या तिथं रानातलं पाणी उतरेना.

दुष्काळी तालुक्यांतल्या बांधवांनीही हे वाचून सोडून देऊ नये. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांचं पाणी खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या भागांत पोचलं. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट बघितलेल्या माणसाला पाणी जपून द्या म्हणणं क्रूर वाटतं, मला बोलतानाही जिभेवर जड होतं. पण कृष्णाकाठच्या आजोबांनाही पहिलं पाणी आलं तेव्हा असाच आनंद झाला होता. तुमच्याकडं माळरान हलकं आहे, तिथं भीती कमी. खोलगटातल्या काळ्या पट्ट्यांना मात्र तोच धोका आहे. पाटपाण्याबरोबर ठिबक आणा, आणि ओघळी आजच मोकळ्या ठेवा. पांढरं पडल्यावर पाईप टाकण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

मर्यादवेलाचं काय, असं कोकणातले पाहुणे विचारतील. तो जिथं आहे तिथंच त्याचं मोल आहे. किनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्या तो बांधून ठेवतो, त्यामागं नारळी-पोफळीच्या बागा आणि घरं उभी असतात. या टेकड्यांना किनारा नियमनाचं संरक्षण आहे. त्यांच्यावरचा वेल कुणी उपटून आणू नये, तात्यांनीही पुन्हा आणणार नाही असं कबूल केलंय. ज्याचं घर समुद्रकाठी आहे आणि अंगणातली वाळू उडते, त्यानं पावसाच्या सुरुवातीला आपल्याच हद्दीतल्या वेलाची हातभर कांडी दोन पेरं वाळूत पुरून लावावी. बी लावायचं असेल तर टणक साल थोडी घासून घ्यावी, नाहीतर उगवण रेंगाळते.

आणि आपल्याकडं, आता उन्हाळ्यात एक काम करा. रानाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात पाच फुटांचा खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कुठवर आलंय ते काठीनं मोजा. पाळी देण्याआधी एकदा, नंतर एकदा. आकडे वहीत लिहा. ती वही घेऊन आमच्याकडं आलात तर बोलणं नेमकं होतं.

तात्यांनी मोजलं. वैशाखात पाणी अडीच फुटांवर होतं. तेव्हापासून ते शेजाऱ्यांच्या दारात बसतायत. ओढ्यापर्यंतच्या सात खातेदारांपैकी पाच जणांच्या सह्या झाल्या. सहावा मुंबईला माथाडीत आहे, तो गावच्या यात्रेला आला की देतो म्हणाला. सातवा सख्खा चुलतभाऊ, त्याच्याशी बारा वर्षं बोलणं नाही.